ग्रंथ आणि कला लोकांच्या दारी नेणारा राजा : श्रीमंत सयाजीराव गायकवाड



पाऊस सरून आकाश मोकळे झाले, नवरात्राचा गरबा आटोपला, की आपल्या वस्तीला कोजागरीचे वेध लागतात. चंद्रप्रकाशात ठेवलेले दूध-पोहे, मुलांचे गाणे, शाळेच्या ओट्यावर मांडलेली चित्रे आणि मग १४ ते २० नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असा आपला शरद ऋतू दरवर्षी जातो. यंदा त्यात एक भर घालावी असे आम्ही सुचविले आहे. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके लहान पेट्यांत भरून वस्तीतील गल्ल्यांमध्ये ठेवावीत आणि प्रत्येक पेटी एकेका कुटुंबाने सांभाळावी, अशी ती योजना आहे. पालक सभेत त्यावर तीन शंका आल्या. पुस्तके हरवली तर काय? पैसा कोणी द्यायचा? आणि परीक्षा तोंडावर असताना गाणे-चित्रे कशाला?

शंका रास्त आहेत, पण नव्या नाहीत. याच शहरात, मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंतच्या याच रस्त्यांवर, शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी एका राजासमोर हे प्रश्न उभे होते. म्हणून या अंकात सयाजीराव महाराजांचे चरित्र देत आहोत. त्यांचे नाव आपल्याकडे बागेला आहे, विद्यापीठाला आहे, त्यामुळे ते इतके ओळखीचे झाले आहे की त्यामागचा माणूस मुलांना फारसा माहीत नसतो.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. नाव गोपाळ. वडील काशीराव आणि आई उमाबाई. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे. राहणी साध्या शेतकऱ्याची. तिकडे बडोद्यात खंडेराव महाराजांचे १८७० मध्ये निधन झाले, त्यांच्यामागे गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रज सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केले, आणि खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून काशीराव आपल्या मुलांना घेऊन आले. इथे कशासाठी आलात असे विचारल्यावर गोपाळने, राज्य करायला आलो, असे बेधडक सांगितले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. गोष्ट खरी असो वा मागाहून रंगविलेली, २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा गोपाळ दत्तक गेला आणि त्याचा सयाजीराव झाला, एवढे निश्चित.

आम्हा शिक्षकांना या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग यापुढे आहे. गादीवर बसलेल्या या मुलाची अक्षरओळख जेमतेम होती. ज्या वयात आपली मुले सातवीत असतात त्या वयात त्याच्या शिक्षणाचा खरा आरंभ झाला. आणि आरंभ तरी कसा? मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले, राजवाड्याजवळ खास शाळा काढली गेली, सोबतीला काही मुले दिली गेली. सकाळी तालीम आणि घोडेस्वारी, मग दिवसभर धडे. गावच्या रानात मोकळे फिरलेल्या मुलाला हे किती जड गेले असेल याची कल्पना करून पाहावी. तो हुशार म्हणून चमकला नाही. त्याने नेटाने, संथपणे, चिकाटीने अभ्यास केला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी वयाच्या अठराव्या वर्षी सर्व अधिकार त्यांच्या हाती आले. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला वाचनाचे मोल वेगळे कळते. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्याला ते तसे कळत नाही, असे आमचे मत आहे. महाराजांच्या पुढील साठ वर्षांचा अर्थ या बाराव्या वर्षात शोधावा लागतो.

घरात सुख फार टिकले नाही. १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या महाराणी चिमणाबाई, यांच्याशी विवाह झाला. १८८५ मध्ये त्या गेल्या. रावपुऱ्यातील ज्या टॉवरखालून आपली मुले रोज शाळेत येतात तो त्यांच्या स्मरणार्थ आहे. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई दुसऱ्या चिमणाबाई होऊन आल्या. पडदा बाजूला सारून त्या पुढे १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षपदी बसल्या. थोरले युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, म्हणजे पंचविशीतच, वारले. नंतरही दोन तरुण मुलांचे मृत्यू महाराजांना पाहावे लागले. प्रकृतीही नाजूक, झोप न येण्याचा विकार. त्यासाठी १८८७ पासून ते वरचेवर परदेशी जात आणि महिनोन्‌महिने तिकडे राहत. राजा सदा विलायतेत असतो, ही टीका त्यांच्यावर हयातीतच झाली आणि तिच्यात तथ्य होते. इतकेच म्हणू की, तिकडून ते जे पाहून येत ते इकडे उभे करीत.

शिक्षणाचे काम त्यांनी अधिकार मिळताच हाती घेतले. ज्यांना शाळेची पायरी बंद होती त्या अंत्यज मुलांसाठी आणि आदिवासी मुलांसाठी राज्याच्या खर्चाने शाळा व वसतिगृहे निघाली. १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू झाला. मुलींनाही. त्या काळी हिंदुस्थानात इंग्रज सरकारनेही हे केले नव्हते.

पण इथे एक अडचण पुढे आली, आणि पालकांनी ती नीट वाचावी अशी विनंती आहे. सक्तीने मूल शाळेत येते, चार-पाच वर्षांत वाचायला शिकते, आणि मग शेतावर जाते. गावात वाचायला काहीच नाही. दोन-तीन वर्षांत शिकलेली अक्षरे पुसली जातात. शाळेवर केलेला खर्च असा मातीत जातो. महाराजांना या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत दिसले. १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये ते तिथे गेले, तेव्हा तेथील गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. तिथे मजूरही पुस्तक घरी नेतो, मुलांसाठी वेगळी खोली असते, आणि हा सर्व खर्च शाळेच्या खर्चासारखाच आवश्यक मानतात, हे त्यांच्या मनात बसले. वाचनालय म्हणजे शिकलेल्या लोकांची चैन, ही आपल्याकडची समजूत त्यांनी तिथेच सोडली.

विल्यम बॉर्डन नावाचे न्यू हेवनचे अनुभवी ग्रंथपाल १९१० मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. ग्रंथालयशास्त्रात ज्यांचे नाव प्रथम घेतात त्या मेल्विल ड्युई आणि चार्ल्स कटर या दोघांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके देऊन टाकली आणि मांडवीच्या सरकारवाड्यात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. वर्गणी नाही. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, पुस्तक हातात घेऊन चाळावे आणि निवडावे. ज्या काळात पुस्तके कुलूपबंद कपाटातून कारकुनाने काढून देण्याची चाल होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली, मुलांसाठी वेगळा विभाग झाला. १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग निघाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, पण काम थांबले नाही. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि नंतर न्यूटन दत्त यांनी ते सांभाळले.

खेड्यांचे काय? इथे एका शिक्षकाचे नाव सांगितले पाहिजे. पेटलादकडे शिकविणारे मोतीभाई अमीन हे बॉर्डन येण्याच्या आधीपासून मित्रमंडळे जमवून गावोगाव वाचनालये चालवीत होते. महाराजांचे मोठेपण असे की त्यांनी या माणसाला बाजूला सारून नवा अमेरिकन कारखाना उभारला नाही. त्यालाच खात्यात घेतले आणि गावांचे काम त्याच्याकडे सोपविले. साहेबाचे शास्त्र आणि मास्तरांची पायपीट असे दोन्ही एकत्र आले म्हणूनच ही चळवळ रुजली, असे आम्हाला वाटते.

गावच्या ग्रंथालयाचा हिशेब सोपा होता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची. जेवढी जमेल तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच राज्याने. तीन सारखे वाटे. इमारत बांधायची तरी हाच नियम. महाराजांच्या तिजोरीत पैसा नव्हता असे नाही. सगळेच फुकट देता आले असते. पण ज्या गावाने स्वतःचे पैसे घातले ते गाव आपल्या कपाटाची काळजी घेते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या योजनेत खर्चाचे तीन वाटे, म्हणजे पालक, शाळा आणि विश्वस्त निधी, असे जे सुचविले आहे ते इथूनच उचललेले आहे. ते आमच्या डोक्यातून निघालेले नाही.

जिथे ग्रंथालय निघू शकत नव्हते तिथे पेट्या जात. हेच ते फिरते ग्रंथालय. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरत आणि ज्या गावाने मागितली तिथे ती आगगाडीने, जरूर तर पुढे गाडीने, रवाना होई. भाडे नाही, वर्गणी नाही, वाहतुकीचा खर्चसुद्धा खात्याचा. गावातला एखादा जबाबदार माणूस, बहुधा शाळामास्तर, ती सांभाळी. वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. बडोदा राज्य एकसंध नव्हते हे नकाशात पाहावे. कडी उत्तरेला, नवसारी दक्षिणेला, अमरेली काठेवाडात, मध्ये इंग्रजांचा किंवा इतर संस्थानांचा मुलूख. अशा तुकड्यातुकड्यांच्या राज्यात पुस्तके हरवण्याची भीती कोणाला वाटली नसेल? पण भीतीपोटी पेटी पाठविणे थांबविले गेले नाही. आणि ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता. तो जादूचा कंदील आणि चित्रपटाचे यंत्र घेऊन गावोगाव फिरे. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री पडद्यावर दूरचे देश पाहत. त्यांच्यापैकी अनेकांनी जन्मात पाहिलेला तो पहिला सिनेमा असणार. महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीपर्यंत राज्यात हजारावर ग्रंथालये झाली होती.

आता कलांकडे वळू. तिसरी शंका तिथलीच आहे.

राजदरबारात गवई असतातच. त्यात विशेष ते काय? विशेष असे की १८८६ मध्ये महाराजांनी शहरात गायनशाळा काढली आणि मौलाबक्ष या थोर कलावंताला तिचे प्रमुख केले. तोवर गाणे म्हणजे उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे पडेल ते काम करून मिळवायची विद्या. ती घराण्याबाहेर सहसा जात नसे. या शाळेत साध्या घरातले मूल येऊन शिकू शकत होते. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, गाण्याची क्रमिक पुस्तके छापली गेली. भूगोलासारखे गाणेही तासाला शिकवता येते, ही कल्पना अनेक उस्तादांना मुळीच पसंत नव्हती. दरबारी कलावंतांसाठी तर महाराजांनी लेखी नियमच करून टाकले होते. आम्हाला विचाराल तर उस्तादांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. घड्याळ लावून राग शिकता येत नाही. पण घड्याळ नसते तर आपल्या गल्लीतल्या मुलीला तानपुरा कोणी दिला असता? मौलाबक्षांचे नातू हजरत इनायत खान याच वातावरणात वाढले आणि पुढे त्यांनी आपले संगीत व सूफी विचार युरोप-अमेरिकेपर्यंत नेले. १९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. आफताब-ए-मौसिकी म्हणून गाजलेले उस्ताद फैयाज खान याच दरबारचे. सुरसागरच्या काठावरची ती जुनी गायनशाळा पुढे विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्‌स विभागात सामावली; तिथून जाताना आजही तबल्याचा आवाज कानी येतो.

चित्रांचेही तसेच. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्मा यांच्याकडून पुराणप्रसंगांची चौदा मोठी चित्रे करवून घेतली. ती राजवाड्याच्या भिंतीवर जाण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि पाहायला माणसांची रीघ लागली. सामान्य माणसाला चित्रांची इतकी ओढ आहे हे दिसल्यावर रविवर्मांनी १८९४ मध्ये छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. तुमच्या आजीच्या देवघरात असलेली तसबीर बहुधा त्याच वंशातली आहे. त्याच वर्षी कमाटी बागेतील संग्रहालय लोकांसाठी उघडले, पुढे १९२१ मध्ये शेजारी चित्रदालन आले. १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम यांबरोबर चित्रकला शिकवीत. तिथले एक विद्यार्थी धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला. परीक्षेत गुण न देणारा विषय म्हणून चित्रकलेचा तास गणिताला देऊ पाहणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात ठेवावे, अशी आमची नम्र सूचना.

भाषेचा मुद्दा आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. महाराजांची मातृभाषा मराठी, दरबार मराठी, आप्त-इष्ट मराठी. पण प्रजा बहुतांशी गुजराती. म्हणून राज्याचा कारभार त्यांनी गुजरातीत आणला. त्याबरोबर मराठीही सोडली नाही. दोन्ही भाषांत चांगली पुस्तके निघावीत म्हणून दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्यातून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला निघाली. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने त्यांच्या कारकिर्दीत बडोद्यात भरली, आणि १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे ते स्वतः अध्यक्ष होते. १९३१ मध्ये निघालेल्या सयाजीशासन-शब्दकल्पतरूत कारभारातले शब्द अनेक भारतीय भाषांत शेजारी शेजारी बसविले आहेत. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो, घरी मराठी बोललो आणि आता गुजराती शेजारात नांदतो. त्यामुळे हा कोश आम्हाला आपल्या वस्तीचेच चित्र वाटतो. आपल्या पेट्यांतही दोन्ही भाषांची, आणि थोडी हिंदी-इंग्रजीही, पुस्तके राहतील. मराठी शाळेची पेटी म्हणून शेजारच्या गुजराती मुलाने तिच्याकडे पाहू नये, असे होता कामा नये.

इतके सगळे चांगले सांगितल्यावर एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. ती याच शहराची आहे. १९१३ मध्ये महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिकून झाल्यावर करारानुसार बडोद्याची नोकरी करायला ते १९१७ मध्ये इथे आले. जगातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा पदवीधर. पण कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकीत आणि शहरात कोणी राहायला खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी कमाटी बागेत ते एकटे बसून राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि मग मुंबईच्या गाडीने निघून गेले. राजाचा हुकूम होता, शाळा होत्या, सर्वांना मोकळे ग्रंथालय होते. पण कोणाच्याही घराचे दार उघडले नाही. महाराज हुकूम देऊ शकत होते, शेजार देऊ शकत नव्हते. आमच्या योजनेत पेटी शाळेत न ठेवता वस्तीतील घरांत ठेवायची आहे, आणि ज्या घरी ती असेल तिथे गल्लीतल्या प्रत्येक मुलाने आत येऊन पुस्तक घ्यायचे आहे. दारात उभे राहून नव्हे, आत येऊन. ज्यांना हे मान्य असेल त्यांनीच पेटी मागावी, ही अट आम्ही घातली आहे आणि ती बदलणार नाही.

महाराजांच्या इतर कामांची यादी मोठी आहे. १९०८ ची बँक ऑफ बडोदा, रेल्वे, आजवा तलावाचे पाणी, १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर पाठ वळवून गेल्याचे प्रकरण, १८९३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आलेले अरविंद घोष. त्यांतले प्रत्येक स्वतंत्र लेखाचे धनी आहे. प्राच्यविद्येच्या कामाचा मात्र उल्लेख हवा. १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाने गायकवाड ओरिएंटल सिरीज सुरू झाली. ताडपत्रांवर आणि जुन्या कागदांवर धूळ खात पडलेली पोथ्यांची संपदा तिच्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना मिळाली. जी पुस्तके कोणी वाचणार नाही असे वाटते तीही जपून ठेवायची आणि जी सगळ्यांनी वाचावीत ती दारी पाठवायची, ही दोन्ही कामे एकाच खात्यातून निघाली होती.

१९३१ च्या सुमारास मध्यवर्ती ग्रंथालयासाठी मांडवीजवळ नवी इमारत झाली. अमेरिकेतील स्नीड कंपनीच्या पोलादी मांडण्या आणल्या. मजल्यांना काचेची जमीन केली. वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा आणि आगीची भीती नसावी, हा हेतू. पहिल्यांदा पाहणारे मूल त्या काचेवर पाऊल टाकायला बिचकते. ग्रंथालय सप्ताहात इयत्ता आठवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांना तिथे नेण्याचा विचार आहे, परत येताना सुरसागरकाठची गायनशाळाही पाहता येईल. पालकांची संमतिपत्रे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गशिक्षकांकडे यावीत.

आयुष्याच्या शेवटी महाराजांनी विश्वामित्रीजवळ कीर्तिमंदिर बांधविले आणि त्याच्या भिंती रंगविण्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. ते काम पुरे झालेले त्यांनी पाहिले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. खेड्याखेड्यांत वाचनालये लावणारे मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. नंदलाल बाबू मात्र येत राहिले. सवड मिळेल तसे रंगवीत राहिले, आणि १९४६ मध्ये शेवटची भिंत झाली. तोवर ज्यांनी ते काम सांगितले होते त्यांना जाऊन सात वर्षे झाली होती, आणि पुस्तकांच्या पेट्या तेव्हाही गावोगाव जातच होत्या.